न रंगवलेलं चाक

पटावरच्या खेळातली प्यादी रंगवण्याचा मला नाद आहे. पेटीतून निघतात तेव्हा ती एकाच रंगाच्या प्लॅस्टिकची असतात. डोक्यापासून पायापर्यंत कुणी लाल, कुणी हिरवा. त्यांना चेहरा, कपडे, धूळ आणि घाम देणं हे आमच्यासारख्या हौशी लोकांचं काम. आज त्यातल्या दोनच प्याद्यांबद्दल तुमच्याशी बोलणार आहे.

खेळाचं नाव 'फ्लाम रूज'. सायकल शर्यतीचा हा खेळ 2016 साली फिनलंडमधल्या प्रकाशकानं आणला. नावाचा अर्थ लाल ज्योत. शर्यतीचा शेवटचा एक किलोमीटर उरला की रस्त्यावर लाल निशाण टांगलेलं असतं, त्याला फ्रेंच लोक हे नाव देतात. चित्रांची धाटणी जुनी, 1930च्या दशकातल्या शर्यतींची आहे. प्रत्येक खेळाडूकडे दोन सायकलस्वार. एक 'स्प्रिंटर', म्हणजे शेवटच्या झेपेचा गडी. दुसरा 'रूल्यर', म्हणजे मैलोन्‌मैल एका लयीत रेटणारा. दोघांच्या पानांचा वेगळा गठ्ठा असतो, आणि जितक्या आकड्याचं पान टाकाल तितकी घरं पुढं. मात्र ज्याच्या पुढचं घर रिकामं, त्यानं वारा अंगावर घेतला असं मानून त्याच्या गठ्ठ्यात दमणुकीचं पान जातं. मागचा मात्र त्याच्या आडोशानं येतो आणि ताजातवाना राहतो. त्यामुळे अनुभवी खेळाडू काय करतो? रूल्यरला पुढं घालून दमवतो आणि स्प्रिंटरला शेवटपर्यंत राखून ठेवतो. मीही वर्षभर हेच करत होतो, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटलं नव्हतं.

मग प्यादी रंगवायला घेतली. जुन्या काळाचा साज द्यायचा, तर अभ्यास आला. 1930 साली 'टूर द फ्रान्स'चे संयोजक आंरी देग्रांज यांनी सायकल कंपन्यांचे संघ बंद करून देशांचे संघ उतरवले. फ्रान्सची जर्सी निळी, बेल्जियमची काळी, इटलीची हिरवी. खेळातही निळा, काळा आणि हिरवा संघ आहेच. पण अडचण अशी, की त्या काळातले फोटो काळेपांढरे. निळा, हिरवा, काळा, सगळेच करड्याच्या कुठल्या ना कुठल्या छटेत बुडालेले. रंग शोधायचा तो वाचून. आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी देण्याची प्रथा 1919ची. शर्यत भरवणारं 'लोतो' हे दैनिक पिवळ्या कागदावर छापलं जाई, तोच रंग जर्सीला आला.

हे फोटो चाळताना एका फोटोशी मी थांबलो. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर एक पोरगेलासा स्वार बसलाय. शेजारी त्याची सायकल आहे, आणि तिला पुढचं चाक नाही.

त्याचं नाव रेने विएतो. साल 1934. वय वीस, आणि पहिलीच टूर. आल्प्सच्या घाटांत त्यानं मातब्बरांना मागं टाकलं होतं. पण फ्रान्सच्या संघाचा म्होरक्या होता आंतोनॅं मान्ये. 1931चा विजेता, आणि या शर्यतीतही पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर. पिरेनीज पर्वतातल्या प्युइमोरांस घाटाच्या उतारावर मान्येचं चाक मोडलं. आजच्यासारखी मागून सुटी चाकं घेऊन येणारी संघाची मोटार तेव्हा नव्हती. तातडीचा उपाय एकच, साथीदाराचं चाक. विएतोनं आपलं पुढचं चाक काढून दिलं. मान्ये निघून गेला आणि हा मदतीच्या गाडीची वाट पाहत भिंतीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पोर्ते द'आस्पे घाटात पुन्हा तेच. मान्येची सायकल बिघडल्याचं कळलं, तेव्हा विएतो त्याच्या पुढं होता. तो वळला आणि उतरलेला रस्ता पुन्हा चढून मदतीला गेला. पॅरिसमध्ये मान्ये पहिला आला, विएतो पाचवा. चार टप्पे आणि घाटांच्या राजाचा मान मात्र विएतोनं मिळवला.

तेव्हा ठरवलं, की निळ्या जोडीतला स्प्रिंटर मान्ये आणि रूल्यर विएतो. खरं तर विएतो डोंगर चढणारा गडी, पण चाक देणारा तो, म्हणून त्याला ही जागा.

आता थोडं रंगकामाबद्दल. प्यादं साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग करड्या अस्तराचा पातळ हात. त्यावर ॲक्रिलिक रंग, पाण्यानं सैल केलेला. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ बरे, नाहीतर जर्सीच्या चुण्या बुजतात. खोलगट जागी गडद रंगाचं पाणी सोडायचं, उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. शेवटी वॉर्निश बिनचमकीचं. तेव्हाची जर्सी लोकरीची, ती चकाकता कामा नये. सायकलला गिअर बदलणारी यंत्रणा दाखवायची नाही, कारण टूरमध्ये तिला परवानगी मिळाली 1937 साली. त्याआधी दुसरा दाता हवा असला, तर उतरून मागचं चाक उलटं बसवावं लागे. आणि धूळ हवी. घाटातले रस्ते कच्चे होते, म्हणून मोजे, पोटऱ्या आणि टायर यांवर फिकट मातकट रंग टिपायचा.

पिवळा हा रंग मोठा हट्टी. खालचं काही झाकतच नाही. मान्येच्या जर्सीला आधी दुधाळ पांढरा दिला आणि त्यावर पिवळ्याचे चार हात, तेव्हा कुठं ती उजळली. चार संध्याकाळी त्यात गेल्या. विएतोच्या निळ्यासाठी अर्धा तास पुरला. दोघं शेजारी ठेवले आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. रंगकामातही मी तेच केलं होतं, जे पटावर करतो. सगळी मेहनत राखून ठेवलेल्यावर, आणि पुढं राबणाऱ्याला भागवाभागवी.

मग विएतोला पुन्हा हाती घेतलं. निळ्यावर फिकट निळ्याच्या कडा आल्या. गालांवर उन्हाचा तांबूसपणा आला. डोळ्यांखाली किंचित करडी सावली दिली. राहता राहिलं पुढचं चाक. ते कापून टाकावं असं मनात आलं होतं. फोटोतली सायकल तशीच आहे ना! पण चाक कापलं तर प्यादं खेळातून बाद. आणि विएतो काही बाद झाला नव्हता. गाडी आल्यावर तो उठला आणि पुढं गेला. 1939 साली तो टूरमध्ये दुसरा आला. 1947 साली पिवळी जर्सी बरेच दिवस त्याच्या अंगावर होती, पण 139 किलोमीटरच्या एकेकट्याच्या शर्यतीत ती गेली. टूर त्यानं कधीच जिंकली नाही. भिंतीवर बसलेला तो मुलगा लोकांच्या लक्षात राहिला. त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका फोटोत अडकवायचं नव्हतं मला.

शेवटी चाक ठेवलं, पण रंगवलं नाही. अस्तराचा करडा रंग तसाच राहू दिला.

खेळायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "याचं एक चाक राहिलंय का रंगवायचं?" मग मी गोष्ट सांगतो. परवा एका शाळकरी मुलीनं ती ऐकली आणि निळा संघ मागून घेतला. सबंध डावभर तिनं पिवळ्या मान्येला पुढं घातलं, दमणुकीची पानं त्याच्याच गठ्ठ्यात जाऊ दिली, आणि विएतोला त्याच्या आडोशानं आणलं. डावपेच म्हणून ते चुकीचं होतं. ती हरली. तिचे दोन्ही गडी शेवटी राहिले.

पण शेवटून दुसरा विएतो होता, मान्येच्या एक घर पुढं. पट आवरताना तिनं ते मला दोनदा दाखवलं.