बाहीवरचे बिल्ले



तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय या व्यासपीठावरून ऐकण्याची आपणांस सवय आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदी चिमुकला, मुलाच्या बाहीवर मावेल एवढा आहे. बालवीरांच्या, म्हणजे स्काउटांच्या, बाहीवर जे कापडी बिल्ले शिवलेले असतात ते कशासाठी, एवढाच प्रश्न आम्ही घेऊन आलो आहोत. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो घरोघरचा आहे. मुलाला बक्षीस दाखवून वाढवावे की नाही? बक्षिसाने मूल पुढे जाते, की नुसते बक्षिसाकडे पाहायला शिकते?

1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसएक मुलांचे शिबिर भरवले. त्यांत बड्या घरची मुले होती, तशी कष्टकऱ्यांचीही होती. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. सुरुवातीस पायऱ्या तीनच होत्या. पहिली टेंडरफूट, म्हणजे कोवळ्या पायांचा नवखा. त्यानंतर दुसरा वर्ग, आणि त्याच्यावर पहिला वर्ग. आता या पायऱ्यांवर मुलाला विचारीत काय, ते पाहा. दुसऱ्या वर्गासाठी दोनच काड्यांत जाळ पेटवायचा, त्यावर स्वतः रांधायचे, आणि बचत बँकेत निदान सहा पेन्स शिल्लक असल्याचे दाखवायचे. पहिल्या वर्गासाठी पन्नास यार्ड पोहायचे, एकट्याने सात मैल जाऊन परत यायचे, आणि त्या प्रवासाची हकीकत लिहून द्यायची. हाताने करून दाखवायची कामे पुष्कळ, तोंडाने म्हणून दाखवायची थोडी.

शाळेच्या परीक्षेत आणि या परीक्षेत एक मोठा फरक आहे. शाळेत पहिला नंबर एकाचाच येतो. बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात. येथे नंबर नाही. पथकातील तीसही मुले पहिल्या वर्गात पोचली, तर कोणाचे काही कमी होत नाही. आज जमले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा यावे. नापास हा शब्दच नाही. शिवाय बेडन-पॉवेल यांनी पथकनायकांना बजावून सांगितले होते, की प्रावीण्याचे बिल्ले देताना कामाचा दर्जा हे एकमेव माप मानू नये. मुलाने किती खटपट केली ते पाहावे. ज्याला उपजतच पोहता येते त्याने पन्नास यार्ड कापणे वेगळे, आणि पाण्याला भिणाऱ्या मुलाने तेच अंतर कापणे वेगळे. दुसऱ्याच्या बिल्ल्यामागे अधिक धैर्य आहे, आणि ते मोजायला फूटपट्टी चालत नाही. त्यासाठी मुलाला ओळखणारा माणूस लागतो.

पहिल्या वर्गाची आणखी एक अट होती आणि आमच्या मते साऱ्या योजनेचे मर्म तिच्यातच आहे. उमेदवाराने आपण स्वतः तयार केलेला एक नवखा मुलगा बरोबर घेऊन यायचे! म्हणजे तू वर चढलास हे कबूल. पण चढताना कोणाला हात दिलास, ते दाखव. खालच्या पायरीवर विचारतात, तुला काय येते? वरच्या पायरीवर विचारतात, तुझ्यामुळे दुसऱ्याला काय आले? हा प्रश्न ज्या शिडीवर आहे तिच्यावरून चढणारा मुलगा गर्विष्ठ होण्याचा धोका थोडा.

ही शिडी आमच्या देशात आली तेव्हा ती सर्वांसाठी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. 1909 मध्ये येथे सुरू झालेली पथके युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. हिंदी मुलांना पहिल्या पायरीवरच दार बंद होते. तेव्हा अ‍ॅनी बेझंट यांनी 1916 मध्ये मद्रासला हिंदी मुलांसाठी निराळी संघटना उभी केली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या द्वारे उत्तरेत तेच काम केले. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी निरनिराळ्या संघटनांचे मीलन होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली. तिच्या पायऱ्यांची नावे आपल्या मुलांच्या तोंडी आहेत: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे जिनाच. शब्द चांगला निवडला आहे. जिना कोणी मुक्काम करण्यासाठी बांधीत नाही.

आता अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण तेथे या जिन्याचे महत्त्व फार वाढले आणि त्यातले धोकेही उघडे पडले. तेथील संघटना 1910 ची. तिची सर्वोच्च पायरी ईगल, म्हणजे गरुड. त्यासाठी एकवीस मेरिट बॅज मिळवावे लागत. आर्थर एल्ड्रेड हा न्यूयॉर्क राज्यातील मुलगा 1912 मध्ये पहिला गरुड झाला. या एल्ड्रेडला बुडत्या सोबत्याला वाचवल्याबद्दल कांस्यपदकही मिळाले होते. पाहा, पदके दोन जातींची असतात. एकवीस बिल्ल्यांची यादी करता येते. बुडत्याच्या मागे उडी घेण्याचा दिवस यादीत लिहिता येत नाही. परंतु पहिल्या जातीची पदके मिळवताना झालेली तयारीच त्या दिवशी उपयोगी पडते.

1965 पासून गरुडपदासाठी समाजसेवेचा एक प्रकल्प आवश्यक झाला. त्यातही मुलाने नुसते राबायचे नाही. काम आखायचे, इतरांना बरोबर घ्यायचे आणि ते तडीस न्यायचे. पहिल्या वर्गाची ती जुनी अटच येथे नव्या वेषात आली. पुढे 1972 मध्ये मात्र कार्यक्रम काळाला साजेसा करावा म्हणून मोठे फेरफार झाले. बिल्ल्यांची संख्या एकवीसची चोवीस झाली, पण शिबिराचा बिल्ला सक्तीच्या यादीतून गेला. संख्या वाढली आणि रानातला मुक्काम ऐच्छिक झाला! जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही. त्यांपैकी विल्यम हिलकोर्ट यांनी निवृत्तीतून परत येऊन 1979 ची हस्तपुस्तिका लिहिली, आणि रानातले जीवन पुन्हा कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आले. बिल्लेही पुन्हा एकवीस झाले. पायऱ्या अधिक म्हणजे उंची अधिक, असे नसते, हा यातला धडा. 2019 पासून तेथे मुलींनाही गरुडपदाचा मार्ग खुला झाला, आणि 2021 मध्ये त्यांची पहिली तुकडी त्या पदाला पोचली.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पुरस्काराला बाजारात भाव आला की त्याचे नाणे होते. अमेरिकेत गरुडपद मिळवलेल्या तरुणाला सैन्यात भरती होताना वरची वेतनश्रेणी मिळू शकते. आपल्याकडे रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. कष्टाने मिळवलेल्या गुणाची कदर नोकरी देणाराने केली, तर ते योग्यच. गरीब घरच्या मुलाला तर तो मोठा आधार आहे. पण नाणे झाले की खोटे नाणेही निघते. मग वडील मुलाची नोंदवही लिहून देतात, गाठी मारायला येवोत न येवोत सही होते, आणि मुलगा काय शिकतो? दोन काड्यांत जाळ पेटवायला नव्हे, तर न पेटवता सही मिळवायला! हे शिक्षण त्याच्या अंगी आयुष्यभर राहते. खोटा बिल्ला देणाऱ्याने मुलाला काही दिले नाही. त्याच्याजवळचे काढून घेतले.

यावर उपाय बिल्ले बंद करणे हा नाही. लहान मुलाला दूरचे ध्येय दिसत नाही. पुढची पायरी दिसते. उपाय आहे तो परीक्षकाच्या खुर्चीत, आणि ती खुर्ची, श्रोतेहो, आपली आहे. प्रावीण्याचा बिल्ला तपासायला त्या त्या विद्येचा जाणता लागतो. प्रथमोपचार परिचारिकेने पाहावा, सुतारकाम सुताराने, सायकलची दुरुस्ती सायकलवाल्याने. गावातला जाणता माणूस वर्षातून चार संध्याकाळी पथकाकडे गेला, त्याने मुलाच्या हातचे काम प्रेमाने पण काटेकोरपणे पाहिले, आणि “बाळ, अजून जमले नाही, पुढच्या शनिवारी ये” असे सांगण्याचे धैर्य दाखवले, तर त्या एका वाक्याने बिल्ल्याची किंमत राहील. शनिवारी तो मुलगा परत आला, म्हणजे निम्मी परीक्षा तो तेथेच उतरला.

आणि घरी बिल्ला आला, तर “कितवा?” असे विचारू नका. “कोणाला शिकवलेस?” असे विचारा. मुलगा पुढच्या वेळी त्या प्रश्नाची तयारी करून जाईल.