स्वागताध्यक्षांचे भाषण



वर परशुरामाचे देवस्थान, खाली गोवळकोटचा किल्ला आणि मधून, पोफळीस वीज निर्माण करून सुटलेले कोयनेचे पाणी पोटात घेऊन खाडीकडे जाणारी वाशिष्ठी, अशा आमच्या नगरीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. चिपळूणचे सारे वैभव सांगण्यास येथे अवकाश नाही. तथापि 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा उल्लेख टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. गावास रेल्वेचे दर्शनही नव्हते, त्या काळापासून या संस्थेने कोकणच्या या कोपऱ्यात वाचनाचे व्रत चालविले, 2013 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले, आणि 22 जुलै 2021 च्या महापुरात ग्रंथसंपदेचा चिखल झाला असताही दरवाजे कायमचे मिटू दिले नाहीत. भिजून फुगलेले, पानास पान चिकटलेले ते ग्रंथ ज्यांनी पाहिले, त्यांना ग्रंथपालाचे काम केवळ नोंदवहीपुरते असते असे कोणी सांगू नये.

नोकरवर्गास आपले काम अर्थपूर्ण कसे वाटावे, हा आपल्या परिषदेचा विषय. त्याच महापुरात आमच्या एस. टी. आगाराचे प्रमुख व त्यांचे सहकारी प्रवाशांच्या भाड्याची सुमारे 9 लाखांची रोकड सांभाळीत बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. अशी निष्ठा परिपत्रक काढून मिळत नाही. हा पैसा लोकांचा आहे आणि तो विश्वासाने आपल्या हाती दिला आहे, ही जाणीव ज्याच्या ठायी रुजली, तोच असे करतो. म्हणून लोटे-खेर्डीच्या कारखानदारांनाही माझे सांगणे आहे, की पगार वेळेवर द्यावाच, पण आपल्या हातची वस्तू कोणाच्या उपयोगी पडते, हेही कामगारास दाखवावे.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ राहिल्या आहेत. निवासाच्या जागा एकमेकींपासून दूर आहेत, मंडपात उकाडा आहे, स्नानास गरम पाणी सर्वांना एकाच वेळी पुरेल असे नाही. त्याबद्दल मी समितीच्या वतीने अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. स्वतःची दुकाने पुराने धुऊन नेली असताही ज्या व्यापारी बंधूंनी वर्गणीस नकार दिला नाही, ज्यांनी तांदूळ, नारळ व भांडी पाठविली, ज्या गृहिणींनी आपल्या घरातील खोल्या मोकळ्या करून दिल्या, त्या सर्वांचा, तसेच रात्रभर मंडप उभारणाऱ्या मजुरांचा मी ऋणी आहे.

काही न्यून आढळल्यास स्वागतकक्षात निःसंकोच सांगावे, आणि परतण्यापूर्वी वाचन मंदिरास अवश्य भेट द्यावी, ही विनंती.