लहानथोरांचें रक्षण
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



या शुभदिनीं परमेश्वराचे उपकार स्मरून आम्ही आपणांपुढें एक कर्तव्य मांडूं इच्छितों. आपल्या पूर्वजांनीं सायंकाळीं दाराला कडी लावून सहकुटुंब जपमाळ म्हणण्याचा परिपाठ ठेविला. आज कडी लाविलेली असतांही परका मनुष्य मोबाईलच्या वाटेनें घरांत शिरतो, आणि प्रथम गांठतो तो बालकांना व वृद्धांना.

त्याची रीत ओळखून घ्या. वृद्धाला व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसाचा गणवेश दिसतो. तुमच्या नांवाच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले, कॅमेऱ्यासमोरून हलूं नका, कोणास सांगूं नका, चौकशीसाठीं पैसे अमुक खात्यांत भरा, असें दरडावून सांगण्यांत येतें. यास 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. अशी अटक आपल्या कायद्यांतच नाहीं, हें पंतप्रधानांनीं ऑक्टोबर २०२४ मध्यें आकाशवाणीवरून देशाला सांगितलें आहे. बालकाला खेळांत कोणी ओळख दाखवितो, स्तुति करितो, छायाचित्र मागतो. तें हातीं येतांच धमकी देतो कीं, घरीं सांगशील तर सर्वांना दाखवीन.

दोहोंकडे शस्त्र एकच: कोणास सांगूं नको. म्हणून "आजोबा, एवढेंही कळलें नाहीं?" असें हिणविणारा नातू आणि मुलानें तोंड उघडतांच हात उगारणारा बाप, हे नकळत चोराचेंच काम करितात. ज्या घरांत न रागावतां ऐकून घेतलें जातें, तेथें हें शस्त्र बोथट होतें.

यंत्र स्वतः पापी नव्हे. पंधराव्या वर्षीं प्रभूकडे गेलेल्या कार्लो अकुतिस यानें संगणकावर ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती मांडली. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं परमगुरुस्वामी चौदावे लिओ यांनीं त्यास संतपद दिलें.

फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. विलंब न केल्यास पैसा पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वीं अडविण्याचा संभव असतो. संकटांतील बालकासाठीं १०९८ हा क्रमांक आहे. संदेश पुसूं नका, तोच पुरावा होय. धमकी देणारास पैसे देऊं नका. एकदां दिल्यानें मागणी थांबत नाहीं, वाढते.

आणि एक कठोर गोष्ट. बालकावरील लैंगिक अत्याचार घराण्याच्या वा धर्मग्रामाच्या अब्रूसाठीं झांकणें हें पाप आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें तो अपराधही आहे. अब्रू बालकाची राखावी, अपराध्याची नव्हे. लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं प्रभूनें जात्याच्या तळीचा उल्लेख करून दिलेली ताकीद आपण विसरूं नये. तशीच मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञाही.

आज रात्रीं जपमाळ संपल्यावर लगेच उठूं नका. घरांतील सर्वांत लहानाला व सर्वांत वृद्धाला प्रेमानें विचारा: तुम्हांला कोणी भय दाखवीत आहे काय? उत्तर कांहींही असो, शांतपणें ऐका. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या घरांचें रक्षण करो. आमेन.