बरे वाटते तेव्हाची तपासणी



तोटा झाल्यावरच हिशेब तपासावा, असे कोणताही व्यापारी मानत नाही. सर्व सुरळीत असतानाही वर्षअखेरीस माल मोजला जातो, वह्या तपासल्या जातात. शरीराच्या बाबतीत मात्र हा नियम विसरला जातो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स डिसीज हे आतड्याला दीर्घकाळ सूज व व्रण आणणारे आजार आहेत. रक्तमिश्रित शौच, वारंवार जुलाब, वजन घटणे ही त्यांची लक्षणे. संकोचापायी 'मूळव्याध असेल' म्हणत अनेकजण वर्षे काढतात. निदान होऊन औषधांनी त्रास थांबला की रुग्ण निश्चिंत होतो. परंतु वर्षानुवर्षे दाह सोसलेल्या मोठ्या आतड्यात कर्करोगाचा धोका वाढतो. २००१ साली ११६ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा धोका १० वर्षांनी २, २० वर्षांनी ८ व ३० वर्षांनी १८ टक्के आढळला. पुढील अभ्यासांत हे प्रमाण कमी दिसले. धोका मात्र संपलेला नाही.

म्हणून पहिल्या लक्षणापासून साधारण ८ वर्षांनी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करावी व पुढे डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे १ ते ५ वर्षांनी ती पुन्हा करावी. पित्तनलिकांचा 'पीएससी' हा विकार जोडीला असल्यास निदानापासूनच दरवर्षी तपासणी लागते. आजार केवळ गुदाशयापुरता असल्यास सहसा अशा विशेष तपासणीची गरज नसते. सूज असताना कर्करोगपूर्व बदल ओळखणे कठीण जाते. त्यामुळे रुग्णाला बरे वाटत असते, तोच काळ तपासणीस उत्तम. संशयित भाग ठळक दिसावा म्हणून काही वेळा इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारतात. कापड रंगविणाऱ्या निळीचाच तो आप्त होय.

डेरवणचे वालावलकर रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या खेडोपाडी केलेल्या कर्करोग तपासणीचा भर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांवर राहिला. शिबिरात 'सर्व ठीक' ठरलेल्या व्यक्तीचे आतडे तपासले गेले, असा त्याचा अर्थ नव्हे. ती तपासणी रुग्णाने स्वतः पोटविकारतज्ज्ञांकडे मागावयाची आहे.

धर्माचरणाचाही येथे संबंध येतो. तपासणीपूर्वी आतडे स्वच्छ करण्याचे औषध बहुधा आदल्या सायंकाळी व पहाटे, भरपूर पाण्यासह घ्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी तारीख घेतानाच हे डॉक्टरांना सांगावे. दुपारची वेळ घेऊन सर्व औषध सकाळी घेता येईल का, हे विचारावे. पर्युषणातील तपाच्या काळात नियमित औषधे परस्पर बंद करू नयेत.

ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याने आज एकच करावे: पहिले लक्षण कोणत्या वर्षी दिसले, ते कागदावर लिहावे. ८ वर्षे उलटली असल्यास, त्रास नसला तरी, डॉक्टरांची भेट घ्यावी.

जय जिनेंद्र.