टोल नाक्यावरचा निळा धूर

आज कोड बाजूला ठेवतो. आज धुराबद्दल बोलायचंय, गाडीच्या सायलेन्सरमधून येणाऱ्या.

आमची गाडी २०१७ ची, सेकंड हँड, टर्बो पेट्रोल. कंपनीचं नाव घेत नाही, हा आजार बऱ्याच गाड्यांना होतो. बाबांना साधं इंजिन हवं होतं, "कमी भानगडी" म्हणून. टर्बोचा हट्ट माझा. पैसे त्यांच्या रिटायरमेंटचे, अक्कल माझी. एवढं लक्षात ठेवा.

दिवाळीत बाबा आणि मी पुण्याहून साताऱ्याला निघालो. खेड शिवापूरच्या टोलला रांग, सात-आठ मिनिटं गाडी जागेवर चालू. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारून खूण केली. आरशात बघतो तर निळसर धूर. गाडी पुढे निघाली, एक मोठा भपका आला आणि मग साफ. खंबाटकी घाट आम्ही दोघांनी आरशात डोळे लावून चढला. काही नाही! आनेवाडीच्या टोलला पुन्हा रांग, पुन्हा धूर.

गावातल्या गॅरेजवाल्या दादांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला, आत बोट फिरवलं, तेल दाखवलं. "टर्बो गेला." खर्च पंच्याऐंशी हजार. बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ते पुण्याला एसटीनं यायला लागले. का? तर गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. आईनं फोनवर हळूच सांगितलं, गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मग मी बसलो डीबग करायला.

धुराचा रंग सांगतो की जळतंय काय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा आणि राहणारा, गोडसर वासाचा, कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. (थंडीत सकाळी दोन मिनिटं दिसते ती नुसती वाफ, घाबरू नका.) निळा म्हणजे ऑइल. पण ऑइल कुठून येतंय ते रंग सांगत नाही. त्यासाठी धूर केव्हा येतो ते बघायचं, आणि आमच्याकडे तर दोन टोल नाके आणि मधला घाट, आयती टेस्ट केस होती. पिस्टन रिंग झिजल्या असत्या तर जोर लावल्यावर, म्हणजे घाटात, धूर वाढला असता. आमचा फक्त उभं राहिल्यावर येत होता.

उभ्या गाडीत होतं काय? थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतायत, पण मिळत नाही. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो, आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश. जिथून मिळेल तिथून हे व्हॅक्यूम ऑइल ओढतं. म्हणजे संशयित तीन. व्हॉल्व्हचे सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि टर्बो. टर्बोचं गणित जरा वेगळं. त्याच्या शाफ्टवर रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि दोन्ही बाजूंच्या गॅसच्या दाबावर त्यांचं काम चालतं. गाडी उभी असताना हा दाब कमी असतो, त्यामुळे झिजलेला टर्बोही नेमका तेव्हाच गळतो. म्हणजे दादांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

पण मला खटकत होतं ते तेल सापडलं ती जागा. पाइप टर्बोच्या आधीचा होता! हवा फिल्टरकडून टर्बोकडे जाते, मग टर्बोचं तेल उलटं कसं येईल? इंजिनाचं लेआउट शोधलं. इंजिनाच्या पोटात साठणारी तेलकट वाफ पीसीव्ही परत जाळायला पाठवतो. गाडी उभी असताना ती थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. टर्बो प्रेशर द्यायला लागला की तो रस्ता बंद होतो आणि वाफ टर्बोच्या तोंडाशी सोडली जाते. म्हणजे त्या पाइपात थोडं तेल असणारच.

आता फुकटातल्या टेस्ट आधी. डिपस्टिक काढली, ऑइल किमान खुणेच्या जवळ. (ऑइल जास्त भरलं तरी टर्बोचं तेल खाली उतरत नाही आणि धूर येतो, म्हणून हे पहिलं.) इंजिन चालू करून ऑइलच्या टाकणीचं झाकण उघडायला गेलो तर निघेना. आतून कोणी धरून बसल्यासारखं. हलकं ओढलं जाणं ठीक, इतकं नाही. आणि एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, जी आम्ही फॅन बेल्टची समजत होतो. डिपस्टिक जराशी उचलली, शिट्टी बंद. तिथेच मला हसू आलं.

खात्रीसाठी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावला, हजाराच्या आत मिळतो. फ्युएल ट्रिम उभ्या गाडीत अधिक १८ टक्के, अडीच हजार आरपीएमला अधिक ४. म्हणजे सेन्सरनं न मोजलेली हवा कुठूनतरी आत येतेय, आणि व्हॅक्यूम असतानाच. पीसीव्हीचा रबरी पडदा फाटला होता. त्याच्या कव्हरच्या बारीक भोकातून हवा शिट्टी वाजवत आत, आणि पोटातलं ऑइल मॅनिफोल्डमध्ये.

तरी टर्बो बघितलाच. इंजिन थंड करून चाक हलवलं. बाजूला किंचित हलतं, ते चालतं. आत-बाहेर अजिबात नाही, पातं कुठे घासलेलं नाही.

आमच्या इंजिनात पडदा वेगळा मिळत नाही, पूर्ण व्हॉल्व्ह कव्हर घ्यावं लागलं. बसवणावळ धरून साडेनऊ हजार. बसवलं त्याच दादांनी, आणि फाटका पडदा स्वतः उजेडात धरून बघितला.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर! माझा चेहरा पडला. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, आत साचलेलं जळायला वेळ लागणार नाही का?" बरोबर होतं. सायलेन्सरमध्ये, इंटरकूलरमध्ये मुरलेलं तेल तीन-चार दिवसांत जळून गेलं. ट्रिम मात्र पहिल्याच दिवशी अधिक २ वर आला होता, मी तिकडे बघायचंच विसरलो.

तुमच्या गाडीत असं दिसलं तर चालवत राहू नका. ऑइल कमी होत राहतं आणि जळलेलं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, तो स्वस्त नाही.

मागच्या रविवारी बाबा आईला घेऊन गाडीनं आले. दारात आल्या आल्या म्हणाले, आनेवाडीला नऊ मिनिटं उभा होतो, मुद्दाम सगळ्यात लांब रांगेत लागलो.