मागे पाहायला लावणारी काठी

अब्बांनी मला खाडीवर गरी टाकायला शिकवली, ती बांबूच्या काठीने. गेल्या मे महिन्यात हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर, परवाना काढून, ट्राउटसाठीच्या दोन काठ्या हाती धरल्या. एक कार्बनची, महागडी. दुसरी फायबरग्लासची, स्वस्तातली.

इथे आमिष म्हणजे पिसे-दोऱ्यांची खोटी माशी. तिला वजन नसते. जाड दोरीच्या वजनानेच ती जाते. म्हणून दोरी आधी मागे भिरकावायची, सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. कार्बनची काठी ताठ, चपळ; माझ्या घाईने दोरी दरवेळी गुंतली. फायबरग्लासची मुठीपर्यंत लवते, सावकाश परतते. वाऱ्यात ती कमी पडली. पण जवळच्या डोहात माशी अलगद उतरली.

महायुद्धानंतर अमेरिकेत या काठ्यांनी बांबूला मागे सारले. 1970 च्या दशकापासून कार्बनने यांना.

मासा लागला नाही. मी स्वस्तातलीच घेतली. दोरी सरळ झाली का, हे वळून पाहावे लागते. अब्बांच्या शेवटच्या दिवसांत मी नोकरीच्या घाईत होतो. तेवढे वळून पाहायचे राहून गेले.