सुराचे माप



संयोजकांनी मला मजुरीच्या प्रश्नावर बोलण्यास सांगितले होते. मीच म्हटले, यंदा संगीतावर बोलतो. त्यावेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली, तीच आता आपल्याही चेहऱ्यावर दिसते आहे. मी संगीताचा जाणकार नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. गेली दोन वर्षे मात्र मी पियानो शिकतो आहे. मुलीने हौसेने घेतलेला, विजेवर चालणारा पियानो घरी पडून होता, आणि शेजारच्या सोसायटीत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला काका म्हणतात, आणि चुकलो की निमूटपणे पुन्हा पहिल्या स्वरावर आणून बसवतात.

पहिले सहा महिने बोटांशी भांडण्यात गेले. उजव्या हाताने सा, रे, ग वाजवून झाले की अंगठा बोटांखालून सरकवून मध्यमावर ठेवायचा. म्हणजे पाच बोटांत आठ स्वर बसतात. ऐकायला सोपे आहे. पण तरुणपणी खाणीत घण धरलेल्या हाताचा अंगठा असा सहज वळत नाही. बाईंचा उपाय एकच : एकेक हात वेगळा वाजवा, आणि इतके सावकाश वाजवा की चुकीला जागाच राहू नये.

शास्त्राविषयी मात्र माझ्या मनात अढी होती. कानाला बरे वाटेल ते वाजवावे, शास्त्र ही फुरसत असणाऱ्यांची करमणूक, असे मी समजत होतो. एके दिवशी बाई म्हणाल्या, "काका, हेच सप्तक पांढरी पाचपासून वाजवा." मी पांढऱ्या पट्ट्यांवरून सरळ चालत गेलो, आणि निषादाशी येताच घात झाला. तेव्हा त्यांनी कागदावर माप काढून दाखवले. सप्तकात बारा घरे आहेत. चालायचे ते असे : पूर्ण पाऊल, पूर्ण, अर्धे, मग पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धे. आपल्याकडे यालाच बिलावल थाट म्हणतात. पांढरी पाचपासून हे माप धरले, तर निषाद काळी तीनवरच पडतो. काळी पट्टी तिथे कोणाच्या लहरीने आलेली नाही, मापाने आली आहे. हे कळल्यावर बाराही पट्ट्यांपासून ते सप्तक मला कोणाला न विचारता शोधता येऊ लागले.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण संगीत नव्हते. आपल्या वाघोलीच्या दगडखाणी आपणांस ठाऊक आहेत. तीसेक वर्षांपूर्वी मी एका खाणीवरच्या माणसांसाठी पहिला करार केला. ब्रासमागे दर वाढवून घेतला आणि मोठ्या अभिमानाने सही केली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एवढे मला माहीत होते. पण तो मोजायचा कसा, हे करारात लिहून घेण्याचे मला सुचले नाही. पूर्वी ट्रकचा हौदा सपाट भरला की माप पुरे होई. करारानंतर शीग लावल्याशिवाय ब्रास पुरा होईना. खडी फोडणाऱ्या एका बाईने मला विचारले, "दादा, दर वाढला म्हणता, मग हातात पैसे तेवढेच कसे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मीही कानाने वाजवले होते. माप माझ्या हाती नव्हते.

पुढे कळले की पियानोची बारा समान घरे हाही एक करारच आहे. तारेचा दोन तृतीयांश भाग छेडला की षड्जाचा शुद्ध पंचम मिळतो. असे पंचमावर पंचम बारा वेळा चढत गेले, तर बरोबर सात सप्तके वर पोहोचायला हवे. पण आपण थोडे पुढे जातो. एका अर्ध्या पावलाचे शंभर भाग मानले, तर सुमारे चोवीस भाग पुढे. हा हिशेब जमवण्यासाठी प्रत्येक पंचमाने दोन भाग सोडले. म्हणून कोणत्याही पट्टीपासून तेच गाणे वाजवता येते. तोटा पंचमांनी सारखा वाटून घेतला, पण गंधारावर भार जास्त पडला : तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून पियानोचा गंधार सुमारे चौदा भाग चढा असतो. आपली पेटीही बहुधा याच करारावर चालते. तिला रेडिओवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी होती, आणि आक्षेपांपैकी एक हाच होता की तिचे सूर बांधलेले आहेत. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पेटीवर पोट भरणाऱ्यांचेही खोटे नव्हते. कोणी काय सोडले हे ठाऊक असले, म्हणजे भांडणसुद्धा नीट करता येते.

माप लिहिता येण्याने पोट कसे भरते, हे गोव्याच्या माणसांनी दाखवले. पोर्तुगीज अमदानीत तेथल्या चर्चच्या शाळांतून मुले स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. तीच पुढे मुंबईत आली आणि बँडमध्ये, सिनेमाच्या वाद्यवृंदांत कामाला लागली. संगीतकार चाल गुणगुणे. ती पन्नास वादकांसाठी कागदावर मांडण्याचे काम बहुधा यांचे. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात ते नाव आले. पण बाकीचे? पडद्यावरच्या नामावळीत बहुतेकांची नावे नाहीत. ज्यांनी सगळ्यांचे सूर लिहिले, त्यांचीच नावे कोणी लिहिली नाहीत. शास्त्राने भाकरी दिली. नाव मिळवण्यासाठी एकत्र यावे लागते, ते काम शास्त्र करीत नाही.

हिंदुस्थानी संगीतातही बंदिशी घराण्यांच्या तिजोरीत होत्या. पंडित भातखंडे यांनी हिंडून त्या मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या आणि शास्त्र मराठीत लिहिले. ते पुस्तक माझ्यासारख्या सातवी शिकलेल्यालाही, अडखळत का होईना, वाचता येते. याला मी मोठे उपकार मानतो.

तेव्हा माझे मागणे लहानसे आहे. आपल्या भजनी मंडळांतून पेटी उत्तम वाजते, बहुतेक ठिकाणी कानानेच. त्या कानाला माझा नमस्कार आहे. पण खाणीवरच्या आणि चाळींतल्या दोन-चार मुलांना पेटीजवळ बसवा, आणि वाजवण्याबरोबर लिहायला शिकवा. काळी तीन तिथे का येते, हे त्यांना सांगा. त्यांतला एखादाच वादक होईल. पण उद्या कोणी त्यांच्यापुढे कागद ठेवून सही मागितली, तर त्यांतला प्रत्येक जण आधी विचारील, माप कसे धरले आहे?